वारा, कागद आणि उपरा

मूकपटांतील रानावनाच्या नाट्यांविषयी वाचताना ‘उपरा’ ही संज्ञा मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. व्हिक्टर श्योस्ट्रॉमच्या ‘द विंड’ (१९२८) मधील लेटी व्हर्जिनियाहून टेक्सासच्या वैराण माळावर येते आणि तिथल्या अखंड वाऱ्याने सैरभैर होते. त्याच्याच १९१८ च्या स्वीडिश चित्रपटात कायद्यापासून पळालेला पुरुष आणि त्याच्यासाठी घरदार सोडलेली स्त्री डोंगरांत आश्रय घेतात. अखेर बर्फ त्यांना गिळतो. दोन्हीकडे माणूस बाहेरचा, आणि त्याची परीक्षा घेणारा निसर्ग. रत्नागिरीच्या सड्यावर वाढलेल्या मला लेटीची भीती कळते, पण आपली वाटत नाही. आषाढातला वारा इथे कौले उडवतो. माणसाला परका ठरवीत नाही.

आपल्याकडे ते काम कागदाने केले. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये सावकार खोट्या कागदपत्रांनी शेतकऱ्याची जमीन बळकावतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. नारायण हरी आपटे यांच्या या कथेत तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. येथे माणूस रानात येऊन उपरा होत नाही. स्वतःच्या शेतातून उखडला जाऊन होतो. त्याचे अरण्य म्हणजे गिरणी.

माध्यमाच्या अंगाने पाहिले तर हा आशय अधिक गडद होतो. मूकपटात शब्द येतो तो लिखित पाट्यांच्या रूपाने. निरक्षर प्रेक्षकाला त्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवाव्या लागत. कर्जरोख्यावर अंगठा उठवणाऱ्या कुळाचीही तीच गत: अक्षर दुसऱ्याचे, नशीब आपले. पडद्यावरचा शेतकरी आणि पुढे बसलेला प्रेक्षक या एका परावलंबनात एकत्र येत असले पाहिजेत.

कोकणात ही केवळ कथा नव्हती. खोताच्या दप्तरापुढे कूळ असेच मुके होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. दरम्यान कित्येकांनी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली होती. गणपतीला आणि शिमग्याला परतणाऱ्या चाकरमान्याला गाव आपला म्हणे, पण त्याच्या पोटाची सोय करू शकत नसे. तगून राहण्याची किंमत ही अशी दुहेरी होती.

‘सावकारी पाश’चा मूळ मूकपट आज उपलब्ध नाही, १९३६ साली पेंटरांनी त्याचा बोलपट केला. अंधारी झोपडी आणि रडणारा कुत्रा हे त्यातील दृश्य आपण इतरांच्या आठवणींतूनच जाणतो. कागदाने नागवलेल्या माणसाचा चित्रपट आता आपल्याला कागदावरच वाचावा लागतो. म्हणूनच वाचता येणाऱ्यांनी तो कोणाच्या बाजूने वाचला, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.