गारा : उज्जैनहून दादांना पत्रे

पत्र पहिले
उज्जैन, सोमवार रात्र

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. हिच्या मावसबहिणीच्या सासरी उतरलो आहोत. महाकालाचं दर्शन झालं, भस्मारतीचं बुकिंग मात्र मिळालं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ सुरू झाल्यापासून इथे रोजच आषाढीचं पंढरपूर असतं, असं घरचे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

आईला सांगा, इथे परक्या मुलखात आल्यासारखं वाटत नाही. महाकालाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलेलं. बाजारातलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. हरसिद्धीच्या अंगणात दोन उंच दीपमाळा आहेत. त्या पाहून हिनं तिथेच जेजुरीचं नाव काढलं.

आता तुमच्या फोनचं. कोल्ह्यानं कोकरं नेली, म्हणून मेलेल्या शेळीत थिमेट हे कीटकनाशक भरून ती बांधाला टाकणार, असं तुम्ही म्हणालात. गाडीत चारचौघांसमोर वाद नको म्हणून मी हूं-हूं करत राहिलो. इथे मात्र या विषयात मुरलेला माणूस घरातच भेटला. मावसबहिणीचे सासरे, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले. वय ऐंशीच्या घरात. त्यांचे वडील ग्वाल्हेर संस्थानच्या शिकारखान्यात नोकरीला होते. उज्जैन तेव्हा त्याच संस्थानात मोडायचं.

जेवण झाल्यावर काकांनी पान लावलं आणि वाघासाठी गारा, म्हणजे आमिषाचं जनावर, कसा बांधायचे ते सांगितलं. रेडकू खुंटीला बांधलं आणि झाडावर चढून बसलं, एवढं सोपं ते काम नसे. आधी जनावराची जाण्यायेण्याची वाट हेरायची. वारा कुठून वाहतो ते बघून मचाणाचं झाड ठरवायचं. मचाण भरदिवसा बांधायचं आणि लाकूडतोड्यांना शेजारीच कुऱ्हाडी चालवायला लावायच्या, म्हणजे त्या आवाजाचं जनावराला काही वाटेनासं होतं. संध्याकाळी शिकारी वर चढले की खालच्या माणसांनी मोठमोठ्यानं बोलत, हसत गावाकडे परतायचं. वाघ दुरून ऐकत असतो. माणसं आली तशी गेली, असं त्याला वाटतं. नेमकी किती आली आणि किती परत गेली, हे त्याला मोजता येत नाही. सगळी शिकार त्या एका गोष्टीवर चाले.

मी विचारलं, “आणि कोल्हा?” काका हसले. गाऱ्यावर सगळ्यात आधी कोल्हाच यायचा, पण त्याच्यावर काडतूस कोण वाया घालवणार? ना त्याचं मुंडकं भिंतीवर शोभतं, ना कातडं दिवाणखान्यात. उलट खाताखाता कोल्हा एकदम मान उचलून सटकला, तर वरच्यांनी बंदूक सावरायची, थोरला, म्हणजे वाघ, आला असं समजायचं. कोल्ह्यामागे लागायची हौस गोऱ्या पलटणींना. इंग्लंडातलं त्यांचं खोकड इथे मिळेना, म्हणून आपल्या पुण्या-खडकीच्या माळावर ते घोड्यावरून, शिकारी कुत्री सोडून कोल्ह्याचा पाठलाग करत.

लांडग्याचं तसं नव्हतं. त्याच्यावर सरकारी बक्षीस होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या दप्तरांतून आकडे काढले आहेत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८०,००० हून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. बंदूक, सापळा, विष, सगळं त्यात आलं. आज आपल्या नान्नजच्या माळावर लांडगा दिसला की पुण्यामुंबईहून कॅमेरे घेऊन माणसं धावत येतात, त्याचं मूळ या आकड्यांत आहे.

उरलेलं पुढच्या पत्रात. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा


पत्र दुसरे
उज्जैन, बुधवार

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

काल रात्री काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याबरोबर मंगळनाथाच्या पलीकडे, शिप्रेच्या काठी त्याच्या रानात गेलो होतो. आपल्यासारखीच काळी जमीन. सोयाबीन निघालेलं, गहू-हरभरा उभा. इथेही मोटारीची लाईट रात्रीच येते, म्हणून पाणी रात्रीच द्यायचं. त्याची म्हैस परवा अवेळी व्याली आणि रेडकू मेलेलं निघालं. त्यानं ते बांधाच्या टोकाला टाकलं होतं. न बांधलेला गाराच म्हणा. आम्ही घोंगडी पांघरून पाटाच्या आडोशाला बसलो. हातात बंदूक नाही, नुसती बॅटरी, तिच्या काचेवर लाल कागद चिकटवलेला.

आधी आलं एक मांजर. हुंगून निघून गेलं. मग शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा आला. त्याच्या गळ्यात निळा पट्टा होता. बराच वेळ ओढाताण करून त्यानं एक लचका तोडला. तो गेल्यावर कोल्ह्यांची जोडी आली. एक थेट पुढे आला नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगानं त्यानं अर्धं वर्तुळ घातलं, थबकला, नाक वर करून पुन्हा थबकला. दुसरा हरभऱ्याच्या कडेला नुसता कान टवकारून उभा. पहिल्यानं पुढचे पाय टेकवले, अंग मागे ठेवलं आणि मान लांब करून पोटाकडचा भाग ओढला. बॅटरीच्या उजेडात त्याच्या खांद्यावरचे काळपट केस उभे राहिलेले दिसत होते. तेवढ्यात मोटार बंद पडली, आवाज थांबला, आणि दोघेही दिसेनासे झाले. उजाडताना कावळे आले, त्यांच्यावर घारी फिरू लागल्या.

दादा, आता तुम्हीच यादी करा. त्या रेडकात विष असतं तर आधी मांजर, मग शेजाऱ्याचा पट्टेवाला कुत्रा, मग कावळे आणि घारी. आणि सगळ्यांत सावध कोण होता? ज्याच्यासाठी विष घालायचं तो.

त्या शेतकऱ्याची तक्रार कोल्ह्याबद्दल नव्हतीच. त्याला त्रास रोह्यांचा आणि काळविटांचा. शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर वेगळाच उपाय झाला. हेलिकॉप्टरनं कळप हळूहळू हाकत आणले, नरसाळ्याच्या आकाराच्या कापडी कुंपणात घेतले आणि गाड्यांत भरून जंगलात नेऊन सोडले. दक्षिण आफ्रिकेत या कुंपणाला बोमा म्हणतात. गोळी झाडावी लागली नाही. कोल्ह्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, “उंदीर खातो बिचारा, राहू दे.”

त्याचं म्हणणं अभ्यासकांनीही मोजून दाखवलं आहे. सर्बियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये युरोपातल्या याच जातीच्या कोल्ह्यांचा हिशेब मांडला. हे कोल्हे वर्षाला १३,००० टनांहून जास्त मेलेली जनावरं आणि खाटकाचा टाकाऊ माल साफ करतात आणि पिकं खाणारे कोट्यवधी उंदीर फस्त करतात. फुकटात.

मग उज्जैनमध्ये कोल्ह्याला मारतं कोण, हे आज दुपारी कळलं. घाटामागच्या एका गल्लीत रुद्राक्ष, गंडेदोरे, शंख विकणाऱ्या एकानं आम्हाला बाहेरगावचे ओळखून आत बोलावलं आणि शेंदरानं माखलेली डबी उघडली. आत राठ, पिंगट केसांचा सुपारीएवढा गोळा. केस बाजूला सारले की मध्ये नखासारखं टणक टोक. वास कापराचा, पण त्याखाली कच्च्या कातड्याचा वास लपत नव्हता. सियारसिंगी, म्हणजे कोल्ह्याचं शिंग. तिजोरीत ठेवलं की पैसा, कोर्टात नेलं की निकाल, उशाशी ठेवलं की वशीकरण. कोल्ह्याला शिंग नसतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण कालभैरवाचं, तंत्रमंत्राचं हे गाव. कवटीवर क्वचित वाढणाऱ्या हाडाची ही वस्तू, असं सांगून डोक्याचं कातडं, केस आणि हाडाचा तुकडा एकत्र शिवून विकतात. शेजारीच हत्थाजोडी होती. ती दुर्मीळ झाडाची मुळी म्हणून खपते. ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं असल्याचं २०१७ मध्ये संशोधकांनी जगजाहीर केलं, तरी गिऱ्हाईक काही तुटलेलं नाही.

काका घरी येऊन संतापले. म्हणाले, फासे लावणारा सापडला की वर्तमानपत्रात पारधी म्हणून छापतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग त्या लोकांच्या अंगावरून अजून गेलेला नाही. डबी विकत घेऊन तिजोरीत ठेवणाऱ्या शेटजीचं नाव मात्र कधी छापून येत नाही.

बाकी सर्व ठीक. सकाळी पोहे-जिलबी, रात्री दाल-बाफले. पोटाचं पथ्य परतल्यावर.

तुमचा,
धाकटा


पत्र तिसरे
उज्जैन, शुक्रवार

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

काल तुमच्या थोरल्याशी व्हिडिओवर बोललो. तो राहतो त्या मेन राज्यात कायोटी नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद, अंगानं जरा थोराड. तिथे परवाना काढून रात्री आमिषावर त्याची शिकार करता येते. १६ डिसेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत हंगाम. त्याचा शेजारी हौशी शिकारी आहे. तो खाटकाकडची हाडं, चरबी, कातडं बादलीत घालून पाणी ओततो आणि थंडीत बाहेर ठेवतो. गोठून दगड झाला की तो शेतात नेऊन उपडा करतो. बर्फातून मांस कुरतडायला कायोटीला वेळ लागतो, लचका तोडून पळता येत नाही. हा गडी दूर खोलीत शेगडीपाशी बसून, अंगाची ऊब टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीतून गोळी घालतो. मचाणावर थंडीत कुडकुडणंसुद्धा उरलेलं नाही.

विषाचा प्रयोगही अमेरिकेनं करून पाहिला. आमिष लावलेली नळी जमिनीत रोवायची. कायोटीनं दातांनी ओढली की तोंडात सायनाइड उडतं. २०१७ मध्ये आयडाहो राज्यात एका मुलानं अशी नळी नकळत हाताळली. तो वाचला, त्याचा कुत्रा डोळ्यांदेखत मेला. एवढं सगळं होऊनही कायोटी कमी झाले का? पूर्वी तो पश्चिमेच्या माळरानांवर असायचा, आज अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला आहे.

आपल्याकडे कायद्यानं हा मार्गच बंद केला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या काकांनी पुस्तक काढून दाखवली. मारणं, विष घालणं, सापळा लावणं, हाका घालणं, इतकंच काय, वन्यप्राण्याला आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. जनावर मेलंच पाहिजे असं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं कोल्हा पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत जाऊन बसला. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ २०२१ मध्ये मांसात गावठी बॉम्ब भरून कोल्हा मारल्याबद्दल बारा जणांना अटक झाली होती. आणि थिमेटचं म्हणाल, तर त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. कोठीतलं जुनं पोतं घरात असणंच धोक्याचं.

आमिष सरकारही लावतं, हे खरं. बहराइचला २०२४ मध्ये लांडग्यांनी मुलं उचलली, तेव्हा वनखात्यानं नदीकाठी रंगीत बाहुल्या मांडल्या होत्या, त्यांना लहान मुलांची लघवी लावून. हेतू हा की लांडगा वासानं यावा आणि पिंजऱ्यात अडकावा. पण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न होता, हुकूम होता, राखायला माणसं होती. बांधावर टाकलेल्या शेळीपाशी रात्रभर कोण बसणार? जून २०२५ मध्ये कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरात एका मेलेल्या गाईत असंच विष घातलं गेलं. एक वाघीण आणि तिची चार पिल्लं त्यावर मेली.

काकांनी एक प्रश्न विचारला, तो तुमच्यापुढे ठेवतो: कोकरं कोल्ह्यानंच नेली, हे कुणी पाहिलं? त्यांच्या नोकरीत कोल्ह्याच्या नावावर घातलेल्या कितीतरी शेळ्या गावच्या मोकाट कुत्र्यांनी फाडलेल्या निघाल्या. कोल्हा एखादं पिल्लू उचलतो आणि निघतो. चार जनावरं फाडून तशीच टाकलेली दिसली, तर आधी कुत्र्यांचा संशय घ्यायचा.

म्हणून माझं ऐका. धनगर अजून रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावतात. आपल्या माळ्यावर अण्णांच्या वेळची पडून आहे, ती काढून उसवलेली जागा गाठून घ्या. गाभण आणि नवी व्यालेली जनावरं रात्री गोठ्यात घ्या. वार आणि मेलेली पिल्लं बांधाला टाकू नका, खोल पुरा. आपणच जनावराला घराची वाट दाखवतो. आणि पुन्हा असं झालं, तर मेलेलं जनावर जागचं हलवू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, नाहीतर १९२६ वर फोन करा. महाराष्ट्रात ज्या प्राण्यांनी मारलेल्या जनावरांची भरपाई मिळते, त्या यादीत लांडगा आहे, तरस आहे आणि कोल्हाही आहे, गावचा कुत्रा नाही. पंचनाम्यात कोण ते ठरेल. विष घातलंत तर भरपाई राहिली बाजूला, तुमच्यावरच गुन्हा होईल.

थिमेटला कुणी हात लावू नका. मी आल्यावर कृषी सहायकाला विचारून त्याची विल्हेवाट लावू. रविवारी निघतो. आईला दंडवत.

तुमचा,
धाकटा