लष्करातली पत्री

हरितालिका आठवड्यावर आली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत पत्रीची विचारपूस सुरू होते. पुण्याच्या मंडईत पत्रीची बांधलेली जुडी मिळते. ग्वाल्हेरात ती जमवावी लागते, आणि आमच्याकडे ते काम गल्लीच्या तोंडाशी बसणारा फूलवाला करतो. तो मराठी नाही. पण आघाडा, माका, डोरली, रुई, शमी ही यादी इथल्या आज्ज्यांनी आणि सासवांनी त्याच्याकडून पाठ करून घेतली आहे. भाद्रपदातल्या त्या सकाळी तो येतो तेव्हा त्याच्या बाह्यांना आघाड्याचे टोकदार दाणे चिकटलेले असतात. पत्री विकत आणली की हिंडून तोडली, हे विचारावं लागत नाही.

दौलतराव शिंद्यांनी 1810मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर झालं. छावणीबरोबर आलेल्या माणसांनी सणवार दक्षिणेतून आणले, पण पानंफुलं मात्र इथल्या मातीतलीच घ्यावी लागली. महाराष्ट्रात दसऱ्याला आपट्याची पानं वाटतात. इथे शमीचा मान मोठा. मांढरेच्या मातेच्या मंदिरापाशी शिंदे घराण्याचे प्रमुख शमीपूजन करतात, फांदीला तलवार लावतात, आणि खाली पडलेली पानं सोनं म्हणून लुटायला माणसं झेपावतात. शमी ही कोरड्या मुलखातली. तिची मुळं फार खोल जातात, म्हणून मे महिन्यात पारा 45च्या पुढे सरकला आणि लू वाहू लागली तरी तिच्यावर हिरवा रंग दिसतो. या गावाला शोभणारं झाड निवडायचं तर मी शमीच निवडेन.

आमचा फूलवाला दुकान मांडण्याआधी बागांतून एक फेरी मारून येतो. माधवराव शिंद्यांच्या काळातली फूलबाग त्याच्या वाटेवरच आहे. गोपाळमंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज त्याच एका परिसरात. झाशीच्या राणीची समाधीही तिथून जवळच. तो बागेतलं फूल तोडत नाही, खाली पडलेलं मात्र उचलून निरखतो. पारिजात कुठे सडा घालू लागला, कदंबाला गेंद आले का, सप्तपर्णीचा वास कुठल्या वळणावर येतो, हे त्याला बाजारभावाइतकंच ठाऊक असतं. आश्विनात मी परडी पुढे केली की तो सांगतो, ‘‘काकू, आज हरसिंगार कम है, रात में गिरा ही नहीं.’’

हे पाहणं त्याच्या हारात उतरतं. चैत्रात कडुनिंबाला पांढरा मोहोर येतो, तेव्हाच शेंड्याची कोवळी पानं तांबूस असतात. एका पाडव्याला त्याने गुढीच्या माळेत नेमके तेच दोन रंग घेतले: मोगऱ्याच्या घट्ट कळ्या, चार-पाच कळ्यांनंतर कडुनिंबाचा तांबूस तुरा, पुन्हा कळ्या. मी समोर उभी राहून पाहत होते. ओल्या पोत्यावर कळ्या पसरलेल्या, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. प्रत्येक गाठ मारताना तो देठ किंचित तिरका धरत होता, म्हणजे उन्हात कळी उमलली तरी शेजारचीला रेटणार नाही. ही माळ कुठे पाहिली होती का, असं विचारलं तर त्याने मान वर करून समोरच्या झाडाकडे बोट दाखवलं. मला वाटतं, कारागिरी कुठून येते याचं याहून सरळ उत्तर कुठल्याच कलाशाळेत मिळालं नसतं.

लग्नसराईत तोही जरबेरा विकतो, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुलाब विकतो. पोटाला लागतं, त्यात काही गैर नाही. पण तशी गुच्छाची बादली भोपाळात असो की दिल्लीत, सारखीच दिसते. वैशाख आहे की मार्गशीर्ष, तेही तिच्यावरून कळत नाही.

ग्वाल्हेरात पानाफुलाला जागोजागी मान आहे. तानसेन समारोहाची सुरुवात तानसेनाच्या समाधीपाशी हरिकथा आणि मिलाद यांनी होते आणि चादर चढवली जाते. हरिकथा ढोलीबुवांच्या परंपरेतली, म्हणजे आपल्या मराठी कीर्तनाच्या घरातली. समाधीजवळच्या चिंचेचं पान गळा गोड व्हावा म्हणून गायक श्रद्धेने चघळतात. एका पानावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या गावात पत्री दुर्मीळ व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

ती दुर्मीळ होते आहे, हे खरं. आघाडा, माका, धोतरा ही पावसाळ्यात कडेकडेने आपोआप उगवणारी झाडं. बागेत हिरवळ अंथरली, कडेला फरशा बसवल्या की त्यांना तण म्हणून आधी उपटतात. माका ओलाव्याला उगवतो. नाल्याकाठी काँक्रीट झालं की तोही संपला. आमचा फूलवाला आता पत्रीसाठी पहाटे सायकलवरून गावाबाहेर जातो. केवड्याचं तर त्याने कधीच हात जोडून सांगून टाकलं आहे. पुढची पिढी एवढी पायपीट करील असं त्याच्या मुलांकडे पाहून वाटत नाही, आणि करावी तरी का?

म्हणून लष्करातल्या घरांना आणि बागा सांभाळणाऱ्यांना माझं मागणं आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक बागेत एक शमी, एक बेल आणि एक पारिजातक लावा. कुंपणालगतची हातभर पट्टी भाद्रपदापर्यंत खुरपू नका. आणि पत्री घेताना घासाघीस करू नका. त्या जुडीत त्या माणसाची सगळी पहाट गेलेली असते.