चरा आणि तडा

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे तमिळनाडूतील शहर देवळांसाठी आणि दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. त्याची दुसरी ओळख धातुकामाची. जवळच्या नाच्चियारकोविल या गावी पितळी समया घडतात, तर स्वामीमलै येथे मेणाच्या प्रतिमेवर मातीचा साचा चढवून मूर्ती ओतल्या जातात. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून या परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे राहत आली आहेत. आणि पितळेची समई चिंचेने घासून उजळण्याची रीत तर दोन्हीकडच्या घरांत सारखीच.

साचा फोडून नुकतीच बाहेर काढलेली मूर्ती पाहिली, तर प्रथमदर्शनी विरसच होतो. ती काळपट आणि खडबडीत असते. मग छिन्नी येते, कानस येते आणि त्यानंतर बारीक होत जाणारे पॉलिश कागद येतात. प्रत्येक हत्यार आधीच्या हत्याराच्या खुणा पुसते आणि त्यांच्या जागी स्वतःच्या अधिक सूक्ष्म खुणा ठेवते. शेवटच्या खुणा इतक्या बारीक असतात की डोळ्यांना त्या दिसतच नाहीत. त्यालाच लोक झळाळी म्हणतात. ही झळाळी वरून चढवलेली नसते. नको असलेले सारे काढून टाकल्यावर ती उरते.

धातूला लागू पडणारा हा नियम एका अगदी वेगळ्या वस्तूलाही लागू पडतो. ती वस्तू म्हणजे शर्यतीच्या गाडीची समोरची प्लास्टिकची काच. कुंभकोणमात शर्यतीचा मार्ग नाही. परंतु तमिळनाडूत मोटार शर्यतींची परंपरा जुनी आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ साली झाली. मद्रासच्या उत्तरेला शोळावरम येथे युद्धकाळातील एका जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. पुढे १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा कायमचा मार्ग तयार झाला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात मारुती ८०० चे इंजिन वापरून एक आसनी गाड्या बांधल्या आणि मोजक्या पैशांत शर्यत करू पाहणाऱ्यांना वाट मोकळी करून दिली. हौसेला मोल नाही, असे म्हणतात. पण गाडीच्या सुट्या भागांना मोल असते. म्हणूनच हौशी चालकाच्या गाडीत टाकण्याआधी दुरुस्त करून पाहण्याची सवय मुरलेली असते.

शर्यतीच्या अनेक गाड्यांत खऱ्या काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट वापरतात. या दोन्ही प्लास्टिकचे वजन तेवढ्याच आकाराच्या काचेच्या निम्म्याहून कमी भरते. अ‍ॅक्रिलिक १९३० च्या दशकात बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानचालकाच्या डोक्यावरील पारदर्शक घुमटासाठी वापरले गेले. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनीत व अमेरिकेत स्वतंत्रपणे लागला. अ‍ॅक्रिलिक घासून छान उजळते, पण जोराच्या आघाताने तडकते. पॉलिकार्बोनेट मोठा आघात सोसते, पण त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर लवकर चरे पडतात. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष.

पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेली वाळू, टायरच्या रबराचे कण आणि ब्रेकची धूळ या काचेवर सतत आदळत असते. त्यात कोणी कोरड्या फडक्याने ती पुसली, तर तीच धूळ पॉलिश कागदासारखी काम करते. भर दुपारी हे चरे जाणवत नाहीत. सूर्य कलला की मात्र प्रत्येक चरा प्रकाश विखरतो आणि चालकासमोर पांढरे जाळे पसरते. ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे ४४ मीटर जाते. तेवढा एक सेकंद समोरचे दिसले नाही, तर काय होईल हे सांगायला नको. काच उजळणे हे येथे केवळ सजावटीचे काम राहत नाही.

दुरुस्तीची सुरुवात पाण्याने होते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग सौम्य साबणाने काच हाताने धुवायची. त्यानंतर ६०० क्रमांकाचा कागद पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासतात. या टप्प्यावर काच पूर्वीपेक्षा वाईट दिसते. सारा भाग दुधाळ होतो. नवशिक्याचा धीर येथेच सुटतो. पुढे ८००, १०००, १५०० आणि २००० असे कागद क्रमाने येतात. प्रत्येक वेळी दिशा आडवी बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाची रेघ राहिली असेल तर ती लगेच उठून दिसते. पाणीही प्रत्येक वेळी नवे घ्यायचे. जाड कागदाचा एक कण मागे राहिला तरी तासाभराची मेहनत वाया जाते. अखेरीस मऊ कापड आणि पॉलिशची लेप यांनी पारदर्शकता परत येते. यंत्राने घाई केली, तर उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन ओढले जाते.

या कामातील खरा मोह वेगळाच आहे. जेथे चरा आहे तेथेच घासावे, असे कोणालाही वाटेल. पण तसे केल्यास त्या जागी उथळ खळगा पडतो आणि तो भिंगासारखे काम करू लागतो. चरा जातो, पण त्यातून दिसणारे वळण किंचित सरकलेले किंवा वाकलेले दिसते. म्हणून चऱ्याच्या चारी बाजूंचा निर्दोष भागही हलक्या हाताने घासून खाली आणावा लागतो. एका दोषासाठी साऱ्या पृष्ठभागाने थोडे थोडे झिजायचे असते. शिवाय पॉलिकार्बोनेटवर कारखान्यात दिलेला कठीण लेप असेल, तर या घासण्यात तोही निघून जातो. काच स्वच्छ होते, पण पुढचे चरे अधिक लवकर पडतात. दुरुस्तीचीही अशी किंमत असते.

तडा मात्र चऱ्याहून निराळा. तो बहुधा बोल्टच्या भोकापाशी सुरू होतो. उन्हात प्लास्टिक लोखंडाच्या सुमारे पाच-सहा पट प्रसरण पावते. भोक तंग असेल किंवा बोल्ट फार आवळला असेल, तर ताण तेथे साठतो. पेट्रोल किंवा थिनर लागल्यानेही केसासारख्या भेगांचे जाळे उमटते. तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून त्याची वाटचाल काही काळ थोपवता येते, पण गेलेले बळ परत येत नाही. वरून पॉलिश केल्यास तडा झाकला जाईल आणि काच नव्यासारखी दिसेल; हीच सर्वांत धोक्याची दुरुस्ती होय. असा तुकडा खाली उतरवणे, हाही कारागिरीचाच भाग आहे.

भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, हा संकेत जुना आहे. धातूची मूर्ती निदान वितळवून पुन्हा ओतता येते; तडकलेल्या काचेला कारखान्याबाहेर तोही मार्ग नाही. म्हणून कारागिराचे कसब त्याच्या हाताइतकेच त्याच्या नजरेत असते. उजेडाकडे काच धरून, बोट फिरवून, हा चरा आहे की तडा, हे त्याला आधी ठरवावे लागते. चरा असेल, तर त्याच्याजवळ धीर हवा. तडा असेल, तर मालकाला न आवडणारे उत्तर देण्याचे धैर्य हवे. कारण त्या काचेमागे उद्या एक माणूस बसणार असतो.