बाही नसलेल्या अंगावरचा डाव

साहित्याच्या अध्यापिकेने कुस्तीवर लिहावे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवते. एम.ए.च्या वर्गात नाट्यरूपांतर शिकवताना जो पेच मला गेली काही वर्षे छळतो आहे, तो मला सर्वांत स्वच्छ दिसला तो चिनी कुस्तीत, एवढे कारण मला पुरेसे वाटते. पेच असा : एखादी कला ज्या आधारावर उभी असते तो आधारच काढून घेतला, तर जे उरते त्याला जुन्याच नावाने हाक मारावी काय?

या कुस्तीचे नाव श्वाय-ज्याव. तिचा आधार अगदी शब्दशः मुठीत धरता येतो. तो म्हणजे मल्लाच्या अंगातली बंडी. जाड सुती कापडाचे पदर एकावर एक शिवून केलेली, आखूड बाह्यांची, कमरेशी पट्ट्याने आवळलेली. बाही, गळ्याचा काठ आणि पट्टा ही पकडीची मुख्य ठिकाणे. पावलांखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला टेकला की तो डाव तिथेच संपतो, आणि पाडणारा स्वतः उभा राहिला तर त्याचे मोल अधिक. पडल्यावर मातीत लोळत चितपटीसाठी झगडायचे, हे आपल्या आखाड्यातले दृश्य तिथे नाही.

आता हाच मल्ल मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या जाळीत उतरवा. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरला ‘यूएफसी’चा पहिला सामना झाला, तेव्हापासून हा खेळ पुष्कळ बदलला, आणि आज उघडे, घामाने निसरडे अंग आणि जमिनीवर चालू राहणारी झुंज या दोन गोष्टी त्यात ठरलेल्या आहेत. बंडी नाही म्हणजे बाही नाही. बाहीची जागा मनगटाने किंवा कोपराच्या वरच्या दंडाने घ्यायची, गळ्याच्या काठाची जागा मानेमागच्या तळहाताने, पट्ट्याची जागा कंबरेला घातलेल्या मिठीने. शब्दकोशातून प्रतिशब्द काढावेत तसे हे वाटते, आणि त्याची अडचणही तशीच आहे. बाही दूरून ओढता येते. दंडाला धरण्यासाठी आत शिरावे लागते, आणि आत शिरताना समोरून ठोसा येतो, गुडघा येतो. अंतर बदलले की वेळ बदलते आणि वेळ बदलली की डाव मुळातून पुन्हा बसवावा लागतो.

काही डाव या प्रवासात जवळजवळ मरतात. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून त्याला खांद्यावरून किंवा कमरेवरून टाकायचे, म्हणजे आपल्या धोबीपछाडीच्या जातीचे जे डाव, ते इथे जुगार ठरतात. अर्धवट फसले तर पाठ त्याच्या ताब्यात जाते आणि गळ्याभोवती हाताचा विळखा पडतो. श्वाय-ज्यावमध्ये असा फसलेला डाव पुष्कळदा नुसता सोडून देता येतो. याउलट समोरासमोर राहून करायचे डाव टिकतात : पाय भार घेण्याच्या क्षणी तो पावलाने झाडून काढणे, आतून पाय अडकवून मागे रेटणे. सर्वांत चांगला संसार थाटला आहे तो लाथ पकडून टाकण्याने. समोरच्याची लाथ बगलेत धरली की तो एका पायावर उभा असतो. तो उरलेला पाय झाडला की काम झाले. इथे बंडी लागतच नाही. प्रतिस्पर्ध्यानेच आपला पाय मूठ म्हणून पुढे केलेला असतो.

हे रूपांतर एका उडीत झालेले नाही, मध्ये सांदाचा टप्पा आहे. १९७९च्या सुमारास चीनच्या क्रीडाखात्याने ठोसे, लाथा आणि पाडणे यांना एकत्र आणणाऱ्या या खेळाचे प्रयोग सुरू केले. हातांत मोठे ग्लोव्ह्ज असल्यामुळे बोटांची पकड गेली. मिठी घातल्यावर पंच फार वेळ देत नाहीत म्हणून डाव क्षणात करण्याची सवय लागली. बंडी उतरवण्याचे काम अर्धेअधिक तिथेच झाले होते. सायगावात जन्मलेला, तीन वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला कुंग ले हा त्या परंपरेतला सर्वांत परिचित मल्ल. हवेत उडी घेऊन दोन्ही पायांच्या कात्रीत समोरच्याला धरून पाडण्याची त्याची रीत प्रेक्षकांना वेड लावी. मात्र तो सांदाआधी अमेरिकन शाळा-महाविद्यालयांतील कुस्ती खेळला होता. २९ मार्च २००८ला त्याने फ्रँक शॅमरॉकला हरवले ते मुख्यतः लाथांनी. त्या अडवताना शॅमरॉकचा हात मोडला. त्याच्या डावांत चिनी किती आणि अमेरिकन किती, याचा हिशेब मांडू पाहणाऱ्याला मी शुभेच्छा देते.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी थोडा इतिहासही पाहावा. छिंग दरबारात राजाश्रयाने पोसलेले मल्लांचे खास पथक होते. मांचू, मंगोल आणि हान पद्धतींची तिथे सरमिसळ झाली. १९११च्या क्रांतीनंतर तो आश्रय गेला आणि बीजिंगच्या थ्येनच्याव भागात मल्ल रस्त्यावरच्या गर्दीसमोर पैशांसाठी कुस्त्या करू लागले. दरबार ते बाजार हे रूपांतर आजच्या जाळीपेक्षा लहान होते, असे मला वाटत नाही. बाओदिंगचे छांग तोंगशंग (१९०८-१९८६) हे या कलेचे सर्वांत नावाजलेले आचार्य. त्यांनी ती पुढे तैवानला नेली आणि पोलीस महाविद्यालयात शिकवली. तिथल्या विद्यार्थ्यांचा प्रतिस्पर्धी कोणत्या बंडीत येणार होता?

तरीही ‘सगळेच बदलते’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही. २०१७च्या एप्रिलमध्ये श्यू श्याओदोंगने ताई-ची शिकवणाऱ्या एका गुरूला काही सेकंदांत लोळवले, आणि परंपरा म्हणजे थोतांड असा गजर सुरू झाला. श्यू स्वतः सांदाच्या तालमीतला, म्हणजे परंपरेच्याच एका फांदीवर बसलेला, हे त्या गजरात कोणी ऐकले नाही. माझ्या वर्गातली हुशार मुलेही हल्ली विचारतात, रूपांतर रंगते आहे तर मूळ नाटक वाचायचे कशाला? मी त्यांना जाळीतली नुसती मोजदाद दाखवू शकते. तिथे पाडण्याला स्वतःचे असे फारसे मोल उरत नाही; पाडून पुढे काय केले, ते पंच पाहतात. श्वाय-ज्यावमध्ये जो पूर्णविराम होता त्याचा स्वल्पविराम झाला. वाक्य लांबले, हे खरे. पण एका क्षणात, स्वतः न ढळता, समोरच्याचा तोल संपवण्याची जी कठोर अट होती, ती त्या वाक्यातून नाहीशी झाली. त्या अटीमुळेच पावलाच्या झाडणीला ती धार आली होती. जो फक्त जाळीतच शिकला त्याला ही धार कमावण्याची गरज पडत नाही. पडल्यावर सावरायला अवकाश आहे, हे त्याला ठाऊक असते.

सांदातून आलेल्या मल्लांच्या चित्रफिती मी संथ गतीने पाहते तेव्हा हे जाणवते. लाथ धरली, पाय झाडला, समोरचा पडला, आणि हा क्षणभर सरळ उभा राहतो. तेवढ्यात कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक ओरडत असतो की खाली जा, वर बस, थांबू नकोस.