गव्हाणीतलं मेंढरू

हल्ली कार्डं कोण पाठवतं? दिवाळीचा दिवा, संक्रांतीचा तिळगूळ, दशलक्षणानंतरची क्षमा, सगळं मोबाईलवर येतं आणि एका बोटाने पुढे ढकललं जातं. माझ्या माहेरी सांगलीला क्षमावणीच्या दिवशी, म्हणजे भाद्रपद वद्य प्रतिपदेला, वडील पोस्टकार्डांचा गठ्ठाच घेऊन बसत. मजकूर बहुतेक एकच. पण वर्षभरात ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या कार्डावर दोन ओळी जास्त, आणि त्या दोन ओळींनाच सगळ्यात जास्त वेळ लागे. म्हणून गेल्या डिसेंबरात सूनबाईने विचारलं, ‘आई, नाताळची कार्डं घरीच करू या का?’ तेव्हा मला त्यात परकं काही वाटलं नाही.

सूनबाई वसईची. माहेरी सामवेदी बोलतात, नाताळात गव्हाणी मांडतात. लग्न ठरलं तेव्हा आमच्या समाजात इथे बडोद्यात आणि तिकडे सांगलीत जी कुजबुज व्हायची ती झाली. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी विरोध केला नाही, पण सुनेशी सरळ कधी बोलल्याही नाहीत. ‘तुझ्या सुनेला सांग, दार लावून घे.’ सून समोर उभी असायची! दीड वर्ष मी हा निरोप्याचा धंदा केला.

रावपुऱ्यातून जाड हातकागद आणला. धाकट्या दिरांची मुलं शाळेतून आली की जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून लक्ष ठेवत. पहिली हरकत ब्रशावर. ‘केस कुणाचे आहेत बघा.’ बरोबरच होतं. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास विकले जात. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, तरी लपूनछपून मिळतात म्हणे. आमचे नायलॉनचे निघाले. दुसरी हरकत डिंकावर. मग त्यांनी स्वतःच मैद्याची खळ कशी शिजवायची ते सांगितलं, अर्थात मला उद्देशून. लाल रंगाचं मात्र मीच सांगितलं. किरमिजी हा शब्दच मुळी किड्यावरून आलेला. किडे वाळवून, कुटून तो रंग काढत. मग आम्ही कुंकू खळीत कालवलं. रंग जरा उडालेला दिसला, पण मुलं खूश.

नाताळचं पहिलं छापील कार्ड लंडनला १८४३ साली हेन्री कोल यांनी काढलं. त्यांना इतक्या लोकांना पत्रं लिहायला सवड नव्हती, म्हणून जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र करून घेतलं. म्हणजे आळसाचाच प्रकार, मोबाईलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या चित्रात सगळं कुटुंब दारूचे प्याले उंचावतंय आणि एका लहानग्या पोरीलाही घोट पाजताहेत. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

चित्रं काढून पत्र पाठवणं आपल्याकडे त्याहून जुनं. श्वेतांबर संघ आचार्यांना विज्ञप्तिपत्रं पाठवत; पर्युषणानंतर क्षमा मागायची आणि पुढच्या चातुर्मासाचं आमंत्रण द्यायचं. लांबच लांब गुंडाळी, त्यात आपल्या गावचे बाजार, मंदिरं, माणसं रंगवलेली. आग्ऱ्याच्या संघाने १६१० साली विजयसेन सूरींना पाठवलेलं पत्र शालिवाहन नावाच्या चित्रकाराने रंगवलं आणि त्यात जहांगीरचा दरबारही आला. या पत्रांवरचं हिरानंद शास्त्रींचं पुस्तक १९४२ मध्ये बडोदा सरकारनेच छापलं होतं. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी एका कार्डावर फतेहगंजचं चर्च आणि त्याच्यापुढे रिक्षांची रांग काढली.

तिसऱ्या दिवशी पेच पडला. सूनबाई गव्हाणीचं कार्ड करत होती. पांढऱ्या कागदाचं मेंढरू कापून वर कापूस चिकटवायचा बेत. तिने कात्री उचलली आणि कोपऱ्यातून आवाज आला, ‘मेंढरू कापायचं नाही.’

‘आजी, कागदाचं आहे!’ मुलं हसली.

‘कोंबडाही पिठाचाच होता.’ मग यशोधर राजाची गोष्ट झाली. आई चंद्रमती म्हणाली, बळी दे. राजा नको म्हणाला. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा कापला, आणि त्यापायी मायलेकांना मोर, कुत्रा असे कितीतरी जन्म भोगावे लागले.

सूनबाईने कात्री खाली ठेवली. माझ्या पोटात गोळा आला. तिच्या बापाला पाठवायचं कार्ड, त्यावरही आमचे नियम. ती उठून आत गेली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

पण ती म्हणाली, ‘आजी, आमच्यात येशूलाच देवाचं कोकरू म्हणतात.’

‘का?’ सासूबाईंनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

‘त्याने स्वतःचा बळी दिला. त्यानंतर कोकरं मारायची गरज उरली नाही, म्हणून.’

सासूबाई बराच वेळ गप्प. मुलंही. मग म्हणाल्या, ‘मग काढ. कापू नकोस, काढ. आणि चारही पाय नीट दिसू देत.’

तिने ते पेन्सिलने काढलं, गाईच्या शेजारी. सासूबाईंनी कार्ड जवळ मागवलं, चष्मा लावून पाहिलं आणि कान लहान झाल्याचं सांगितलं. कान खरंच लहान होते. तिने ते मोठे केले.

अकरा कार्डं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘तुझ्या सुनेला सांग’ पुन्हा सुरू झालं आणि मीही सांगत राहिले. फक्त दुपारी तीन ते पाच, पाकिटं चिकटवायची होती तेवढे दिवस, मधे माझी गरज लागली नाही.