सुचण्याचे मोजमाप

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एक जॅझ पियानोवादक एमआरआय यंत्राच्या बोगद्यात उताणा पडला आहे. मांड्यांवर अवघ्या ३५ पट्ट्यांचा प्लास्टिकचा कीबोर्ड. लोखंड त्यात नावालाही नाही, कारण यंत्राचे चुंबक ते खेचून घेईल. पट्ट्या दिसाव्यात म्हणून डोळ्यांपुढे आरसा. डोके हलवायचे नाही, वाजवायचे ते फक्त उजव्या हाताने. यंत्राच्या खडखडाटात हेडफोनमधून साथ ऐकू येते आणि तो वाजवू लागतो.

चार्ल्स लिम्ब आणि ॲलन ब्राऊन यांचा हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. सहा व्यावसायिक वादकांनी एकदा पाठ केलेली चाल वाजवली आणि एकदा त्याच साथीवर आयत्या वेळी सुचेल ते. दोन्ही वेळच्या प्रतिमा ताडून पाहिल्यावर फरक दिसला. सुचेल तसे वाजवताना कपाळामागच्या मेंदूचा बाजूचा भाग मंदावला होता; स्वतःवर लक्ष ठेवणे, चूक वेळीच आवरणे ही कामे त्याच्याशी जोडली जातात. मधला भाग मात्र अधिक सक्रिय झाला होता.

ख्यालगायकाची उपज रंगताना ऐकलेल्या रसिकाला यात ओळखीचे काही सापडेल. पण पहारा उठला की कोणालाही सुचते, असा अर्थ काढता येत नाही. ते सहाही जण मुरलेले वादक होते.

यंत्र मोजते तरी काय? विचार नव्हे, रक्त. मेंदूचा जो भाग अधिक राबतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. तो शिगेला पोचायला पाचेक सेकंद लागतात, तोवर वादक कितीतरी स्वर पुढे गेलेला असतो.

नेमका क्षण पकडायचा तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून काढलेला ईईजी हवा. मार्क बीमन, जॉन कूनियस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शब्दकोडी सोडवणाऱ्यांवर तो वापरला. एकदम उत्तर सुचलेल्यांनी बटण दाबण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या बाजूला वेगवान लहरी उसळल्या. पण ईईजी वेळ चोख सांगतो, जागा अंधूक.

आणि अशी जागा एकच नाहीही. २०१० मध्ये आर्ने डीट्रिख आणि रियाम कान्सो यांनी साठहून अधिक शोधनिबंध तपासले. सर्जनशीलता मेंदूच्या एका भागात किंवा उजव्या अर्ध्यात राहते, याला त्यांत आधार मिळाला नाही. म्हणून मुलांचा ‘उजवा मेंदू’ जागवून देण्याच्या जाहिरातींना पालकांनी भुलू नये. तोच पैसा आणि वेळ त्यांनी मुलाच्या आवडीच्या वाद्यावर, रंगांवर, पुस्तकांवर खर्च करावा.