किवी, मुक्काम ठाणे

घोडबंदर रोडवरच्या सुपरमार्केटात हे गृहस्थ गारव्याला बसलेले असतात. प्लॅस्टिकच्या डबीत तिघं, अंगावर तपकिरी लव, पोटावर स्टिकर. चिकूचा परदेशात वाढलेला चुलतभाऊ म्हणावा, तर जवळचं नातं नाही. नवखा माणूस चिकू समजूनच हात घालतो आणि किंमत वाचून काढून घेतो.

घराणं चीनचं. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर नावाच्या मुख्याध्यापिका चीनहून न्यूझीलंडला परतल्या, तेव्हा यांचं बी सोबत होतं. तिथे वेली मांडवावर चढल्या. १९५९ मध्ये व्यापाऱ्यांनी निर्यातीसाठी यांचं बारसं नव्यानं केलं. आता हिमाचल-अरुणाचलातही पिकतात, पण ठाण्यात भाव खातो तो बाहेरचा शिक्का.

आपल्याकडे त्यांना मान मिळाला तो डेंग्यूमुळे. पावसाळा ओसरताना तापाची साथ येते, रिपोर्टात प्लेटलेट्स खाली जातात आणि सोसायटीच्या ग्रुपवर यांचं नाव वर चढतं. मग डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या गाडीवरही ते दिसतात, हॉस्पिटलच्या दाराशी तर हमखास. प्लेटलेट्स बहुधा आजार ओसरला की आपल्या आपणच वाढतात. श्रेय मात्र हे निमूट घेतात. ‘क’ जीवनसत्त्व भरपूर, एवढं खरं. पेरूत ते याहूनही जास्त, पण पेरू घेऊन पेशंटला बघायला कोण जातं?

पेशंट घरी आला की उरलेली डबी फ्रिजमध्ये पडून राहते. बोटाला दाद न देणारी. आजी ती उचलून तांदळाच्या डब्यात पुरते. आंब्याला चालतं ते यांना का चालू नये? चालतं. मऊ पडल्यावर पुढचा प्रश्न, करायचं काय? मराठी घर अशा वेळी शिकरणाकडे वळतं, आणि तिथे यांचा स्वभाव कळतो. त्यांच्या अंगात ॲक्टिनिडीन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. वाटी जरा वेळ झाकून ठेवली, की शिकरण कडू. जिलेटिनची जेलीही ते घट्ट होऊ देत नाहीत. त्यापेक्षा तिखट-मीठ भुरभुरावं. आंबटपणाला न्याय मिळतो.

चिकूला याची गंमत वाटत असणार. तोही मूळचा मध्य अमेरिकेकडचा. पण डहाणू-घोलवडला असा रुजला, की २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसला. (२०१४ मध्ये पालघर वेगळं होईपर्यंत तो ठाणे जिल्ह्याचाच.) त्याला कुणी औषध म्हणून आणलं नाही, लोक आवडीनं खात गेले. किवीच्या चवीबद्दल मात्र अजून कुणी बोलत नाही, आकड्यांबद्दलच बोलतात.

तरी हल्ली एखाद्या घरी सत्यनारायणाच्या पाच फळांत ते चौरंगापर्यंत पोचतात. गुरुजी हरकत घेत नाहीत. पंचामृतात मात्र पडू देऊ नयेत.